अनेक द्राक्षांची एक चव

फ्रान्सच्या नैऋत्येला बोर्दो भागात होणारी लाल वाइन सहसा एका जातीच्या द्राक्षाची नसते. कॅबर्ने सोव्हिन्यों, मेर्लो आणि कॅबर्ने फ्रां या तीन जाती मुख्य. जोडीला थोडे पेती व्हर्दो, क्वचित माल्बेक. प्रत्येक जातीची, पुष्कळदा बागेच्या प्रत्येक तुकड्याची द्राक्षे वेगळी तोडतात, वेगळी आंबवतात, आणि काढणीनंतरच्या महिन्यांत जाणकार मंडळी पुन्हा पुन्हा चाखून कशाचा किती वाटा घ्यायचा ते ठरवतात. त्यातून जी वाइन तयार होते तिला स्वतःची, ओळखू येणारी चव असते. ही चव घटकांपैकी एकाचीही नसते. घटक काढून घेतले तर मात्र तीही उरत नाही. मग ती आहे कुणाची? अनेकांपासून झालेली वस्तू खरोखर एक होते, की एकपणा फक्त चाखणाऱ्याच्या जिभेवर असतो? भारतीय दर्शनांनी हा वाद पेयांचीच उदाहरणे घेऊन घातला आहे. रायगड जिल्ह्यातल्या पेण आणि रोहा या लागून असलेल्या दोन तालुक्यांत तर तो धर्माचरणाच्या अंगानेही पुढे येतो. इथल्या मुसळधार पावसात वाइनचे द्राक्ष पिकत नाही, हे खरे. पण द्राक्षाच्या रसावर आशीर्वाद म्हणणारा एक समाज इथे शतकानुशतके राहिला, आणि चवीच्या त्यागाचे व्रत घेतलेला एक मोठा माणूस इथेच जन्मला.

मिश्रणाची चाल शेतकऱ्याच्या काळजीतून आली. मेर्लोला लवकर फुलोरा येतो आणि ते लवकर पिकते. त्यामुळे वसंतातली कडाक्याची थंडी किंवा फुलोऱ्यातला पाऊस त्याला बाधतो. कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकते. शरदात पाऊस लांबला तर ते कच्चे राहते. एका जातीवर सगळी भिस्त ठेवणारा बागायतदार वाईट वर्षी पुरता बुडेल, दोन-तीन जाती लावणारा तगेल. जमिनीचाही प्रश्न आहे. जिरोंद खाडीच्या डाव्या तीरावर, मेदोकमध्ये, गोट्यांची रेताड जमीन आहे. ती लवकर तापते, पाणी धरून ठेवत नाही आणि कॅबर्ने सोव्हिन्योंला मानवते. दोर्दोन्य नदीच्या उजव्या तीरावर, सें-तेमिलियों आणि पोमरोल भागांत, चिकणमाती आणि चुनखडी आहे. तिथे मेर्लो चांगले येते. फेब्रुवारी १९५६ च्या गोठवणाऱ्या थंडीत बोर्दोतल्या असंख्य वेली मेल्या. आता उलट, उष्मा वाढत चालल्यामुळे २०२१ मध्ये काही नव्या जातींना मिश्रणात मर्यादित प्रमाणात प्रवेश मिळाला. म्हणजे बोर्दोची पाककृती कायमची ठरलेली नाही. हवामानाप्रमाणे घटक बदलतात, प्रमाण दरवर्षी बदलते, आणि तरीही एका बागेची वाइन त्याच बागेची म्हणून ओळखली जाते.

चवीच्या दृष्टीने पाहिले तर प्रत्येक घटक दुसऱ्याची उणीव भरून काढतो. कॅबर्ने सोव्हिन्योंचे मणी लहान, साल जाड. त्यामुळे वाइनला गडद रंग आणि भरपूर तुरटपणा येतो. एकटे असले की ते तरुणपणी कठोर लागते, तोंडाच्या मध्यभागी पोकळी जाणवते. मेर्लो ती पोकळी भरते. ते मऊ, मांसल, गोलाईचे असते. कॅबर्ने फ्रां सुगंध देते. पेती व्हर्दो थोडेच घालतात, पण रंगाला आणि धारेला ते पुरेसे होते. २२५ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपांत आणि मग बाटलीत वर्षे गेली की तुरटपणा निवळतो, फळांचा ठसठशीत वास मागे सरतो आणि सीडरच्या लाकडाची, तंबाखूच्या पानाची आठवण करून देणारे गंध वर येतात. अशी जुनी वाइन चाखताना हे मेर्लो, हे कॅबर्ने असे बोट ठेवून दाखवणे निष्णातालाही अवघड होते. हे घटक मुळात परकेही नाहीत. कॅबर्ने सोव्हिन्यों हे कॅबर्ने फ्रां आणि सोव्हिन्यों ब्लां यांच्या नैसर्गिक संकरातून झाले, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून सिद्ध झाले. मेर्लोच्या आईबापांपैकीही एक कॅबर्ने फ्रांच. पिंपात जे एकत्र येतात ते एका कुळातले भाऊबंद आहेत.

ऱ्होन नदीच्या खोऱ्यात मिश्रण आणखी पुढे जाते. चौदाव्या शतकात पोप आव्हिन्यों येथे राहत असत. त्या काळाची आठवण नावात जपणाऱ्या शातोनफ-द्यु-पाप या वाइनला तेरा जातींची मुभा आहे, आणि त्यांत पांढरी द्राक्षेही आहेत. प्रत्यक्षात बहुतेक बाटल्यांत ग्रनाश मुख्य असते, सिरा आणि मूर्व्हेद्र त्याला जोड देतात. याच खोऱ्याच्या उत्तर टोकाला कोत-रोतीमध्ये लाल सिराबरोबर पांढऱ्या व्हिओन्येची थोडी द्राक्षे एकत्र आंबवतात. पांढऱ्याने लाल रंग फिका पडावा अशी कुणाचीही अपेक्षा असेल. घडते उलटे, लाल रंग पक्का होण्यास मदत होते. पेण-रोह्याकडे थंडीत पोपटी लावतात तेव्हा मडक्याच्या तळाला आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात. वालाच्या शेंगा, बटाटे, ओवा, मीठ घातलेले ते मडके पालथे घालून भोवती पेंढा पेटवतात. खाताना पाला फेकूनच देतात, पण तो नसता तर त्या शेंगांना कुणी पोपटी म्हटले नसते. व्हिओन्येचे काम काहीसे तसे आहे. घटकाचे महत्त्व त्याच्या मापावर ठरत नाही, हे दोन्हीकडे दिसते.

या सगळ्याच्या विरुद्ध टोकाला बर्गंडी आहे. तिथली मोठी लाल वाइन फक्त पिनो न्वार या एकाच जातीची. मध्ययुगात सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी तिथल्या बागा तुकड्या-तुकड्याने वेगळ्या राखल्या. द्राक्ष एकच, म्हणून चवीतला फरक जमिनीचा, अशी तिथली धारणा. बर्गंडी शुद्धतेला मान देते, बोर्दो मेळाला. दोन्हीकडे बाटलीवर द्राक्षाचे नाव सहसा नसते, गावाचे किंवा बागेचे असते. एखाद्या जातीचे नाव लावायचे झाल्यास युरोपीय नियमानुसार निदान ८५ टक्के वाइन त्या जातीची असावी लागते. मिश्रणाला कशाचे नाव द्यायचे, प्रमुख घटकाचे की साऱ्यांना सामावणाऱ्या जागेचे, हाही एकपणाचाच प्रश्न आहे.

न्याय-वैशेषिक दर्शनाने या प्रश्नाची सर्वांत काटेकोर तपासणी केली. त्यांच्या मते अवयवांपासून बनलेला अवयवी हा नवा पदार्थ असतो. सुतांपासून वस्त्र होते, पण वस्त्र म्हणजे सुतांचा ढीग नाही. बौद्धांनी हे नाकारले. त्यांच्या लेखी समुदायापलीकडे अवयवी असे काही नाही, रथ हे चाके, आस, जू यांना दिलेले सोयीचे नाव. मग नैयायिकांपुढे अडचण उभी राहिली की रंगीबेरंगी धाग्यांच्या वस्त्राचा रंग कोणता? अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात याचे उत्तर आहे: चित्ररूप हा सातवा, स्वतंत्र रंग. अनेक रंगांतून एक नवा रंग जन्मतो. हाच न्याय चवीला लावला असता तर मिश्र वाइनची चव हा एक नवा ‘चित्ररस’ ठरला असता. पण नैयायिक तिथे थांबतात. रस सहाच: मधुर, आम्ल, लवण, कटु, कषाय, तिक्त. सतराव्या शतकातल्या विश्वनाथ पंचाननांनी न्यायसिद्धांतमुक्तावलीत त्याचे कारण दिले आहे. डोळा रंगाबरोबर वस्तूही पाहतो, म्हणून वस्त्र दिसायचे तर त्याला एक रंग हवाच. जीभ वस्तू पकडत नाही, फक्त रस पकडते. म्हणून वेगवेगळ्या रसांच्या अवयवांपासून बनलेला अवयवी नीरस मानला तरी काही बिघडत नाही. जिभेला कळतात ते अवयवांचेच रस.

हा सिद्धांत पेल्याला लावून पाहिला की त्याचे धाडस कळते. तो खरा असेल तर बोर्दोच्या पेल्यात बोर्दोची अशी चवच नाही. कॅबर्नेचा कषाय रस आहे, मेर्लोचा मधुर आहे, आंबटपणा आहे. सगळे एकाच वेळी जिभेवर येतात आणि चाखणारा त्यांच्या गर्दीला एक म्हणतो. गंमत म्हणजे वाइन चाखण्याची आजची शिस्तही अर्ध्या वाटेपर्यंत नैयायिकांबरोबर चालते. तीही आंबटपणा, तुरटपणा, गोडी, मद्यार्क, गंध असे अवयव मोजते. पण शेवटी ‘तोल’ हा शब्द येतो, आणि तोल कोणत्याही एका अवयवात सापडत नाही.

काव्यशास्त्राने उलट बाजू घेतली. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रसाची उपपत्ती सांगताना दृष्टान्त आहे तो अन्नाचाच: नाना व्यंजने आणि द्रव्ये यांच्या संयोगाने जसा आस्वाद तयार होतो, तसा नाटकात विभावादींच्या, म्हणजे भावाची कारणे आणि त्याच्या खुणा अशा घटकांच्या, संयोगाने रस. अकराव्या शतकात मम्मटाने काव्यप्रकाशात पानकरसाचा न्याय मांडला. पानक म्हणजे गूळ, मिरी इत्यादी अनेक द्रव्ये घालून केलेले पेय; चैत्रातले कैरीचे पन्हे त्याच घराण्यातले. पानक पिताना गूळ वेगळा, मिरी वेगळी अशी जाणीव होत नाही. एक अखंड चव येते, आणि ती घटकांहून निराळी असते. काव्यातले विभाव, अनुभाव, व्यभिचारी भावही तसेच एकजीव होऊन आस्वादले जातात. या मताला वाइनचा अनुभव भक्कम दुजोरा देतो. जुन्या बोर्दोला उठाव येतो तो याच कारणाने: तिच्यात घटक हरवत नाहीत आणि वेगळेही होत नाहीत. पण मम्मटाचे खरे मर्म पुढे आहे. ही अखंड चव द्रव्यात आधीपासून तयार होऊन पडलेली नसते. ती आस्वादाच्या क्षणी असते आणि आस्वादापुरतीच असते. नैयायिक पेल्यात काय आहे ते विचारत होते, मम्मट पिणाऱ्याला काय होते ते सांगत होता. दोघांच्या उत्तरांत विरोध दिसतो तो प्रश्न वेगळे असल्यामुळे, आणि चवीपुरता तरी मम्मटाचाच प्रश्न अधिक नेमका आहे.

तिसरा वाद याहून खोल जातो, आणि त्याचे उदाहरण साक्षात मद्य आहे. चार्वाकांचे म्हणणे असे की पृथ्वी, जल, तेज, वायू या भूतांत चैतन्य नाही, तरी त्यांच्या विशिष्ट मेळातून शरीरात चैतन्य उपजते. किण्व (आंबवण) आणि इतर द्रव्यांत नशा नसताना त्यांच्या मिश्रणात जशी मदशक्ती येते तसे. आत्म्याचा पसारा मांडायची गरज नाही. दृष्टान्त प्रभावी आहे, कारण आंबवण्याच्या क्रियेत काहीतरी नवे घडते हे डोळ्यांदेखत दिसते: गोड रस फसफसतो, गोडी जाते, नशा येते. सांख्यसूत्रांनी त्याला दिलेले उत्तर सांख्यांच्या सत्कार्यवादाला, म्हणजे कार्य कारणात आधीच असते या मताला, धरून आहे. मद्याच्या एकेका घटकात ती शक्ती सूक्ष्म रूपाने असते, म्हणून मेळात प्रकट होते. एकेका भूतात मात्र चैतन्याचा अंशही आढळत नाही, म्हणून मेळात ते येणार कुठून? आजच्या रसायनशास्त्राने हे उत्तर अंशतः दुबळे झाले आहे. द्राक्षातल्या साखरेत मद्यार्क दडलेला नसतो. यीस्ट साखरेचे रूपांतर मद्यार्कात आणि कर्बवायूत करते. नवे गुण मेळातून येऊ शकतात, ही चार्वाकांची बाजू इथे वरचढ ठरते.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातल्या तिसऱ्या पादावरील भाष्यात हाच मदशक्तीचा दृष्टान्त पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे मत, म्हणून मांडला आणि वेगळ्या बाजूने त्याला उत्तर दिले. रूपासारखा देहाचा धर्म देह असेपर्यंत टिकतो. प्रेतात रूप आहे, चैतन्य नाही. शिवाय भूते ही चैतन्याचा विषय आहेत. अग्नी स्वतःला जाळत नाही, कसबी नटही स्वतःच्या खांद्यावर चढत नाही. मग भूतांचा धर्म भूतांनाच कसा जाणील? या दुसऱ्या युक्तिवादाला पानकरसाची जोड दिली की मिश्रणाचा दृष्टान्त चार्वाकांच्याच अंगाशी येतो. मिश्र वाइनची चव एक आहे असे म्हणायला तिला एक म्हणून जाणणारा लागतो. मेळातून नवी एकता निर्माण होते हे दाखवण्यासाठी जे उदाहरण घेतले, त्यातच जाणणारा आधी गृहीत धरलेला आहे. मदशक्तीलाही हेच लागू पडते: नशा बाटलीला चढत नाही. याने आत्मा सिद्ध होतो असे नाही. पण पेयाचे उदाहरण चैतन्याची उत्पत्ती सांगायला अपुरे पडते, एवढे नक्की ठरते.

धर्माचरणात मात्र प्रश्न वेगळा होतो: द्राक्षाच्या पेयात पवित्र काय, फळ की नशा? पेण आणि रोह्याच्या परिसरातल्या बेने इस्रायली समाजाकडे याचे उत्तर आहे. मराठी बोलणारा, एके काळी शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवला जाणारा हा यहुदी समाज. पेणकर, रोहेकर ही आडनावे त्याने याच गावांवरून घेतली. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. शब्बाथच्या (विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या) संध्याकाळी किडुश या विधीसाठी वेलीच्या फळाबद्दल देवाचे आभार मानून द्राक्षाचा पेला घ्यावा लागतो. यहुदी विधीनुसार चालणारी वाइन कोकणात मिळायची कुठून? या समाजाने मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून सरबत केले आणि त्यावर तोच आशीर्वाद म्हटला. यहुदी शास्त्राची त्याला हरकत नाही, कारण आशीर्वादात नाव वेलीच्या फळाचे आहे, नशेचे नाही. मदशक्ती हाच मद्याचा सार मानणाऱ्या चार्वाकाच्या दृष्टान्ताला हे एक शांत पण ठाम उत्तर आहे.

याच समाजाचा मलिदा मिश्रणाच्या प्रश्नावर आणखी प्रकाश टाकतो. एलियाहू हन्नावी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने होणाऱ्या या विधीत ताटात भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलदोडा, सुका मेवा एकत्र कालवतात आणि भोवती फळे मांडतात. पोह्यांसाठी नावाजलेल्या पेणजवळ हे ताट अगदी घरचे वाटते. पण यहुदी आशीर्वादांची व्यवस्था जातवारीने चालते: झाडाच्या फळाला एक, जमिनीत उगवलेल्याला दुसरा, धान्याच्या पदार्थाला आणखी वेगळा. मिसळलेल्या पदार्थात मुख्य आणि गौण ठरवून मुख्याचा आशीर्वाद म्हटला की गौण त्यात आलेच, असा मिश्ना या जुन्या संहितेचा नियम. नैयायिकांचे अवयव आणि मम्मटाचे पानक यांच्यामधली ही वाट आहे: मिश्रण एक आहे, कारण त्यात कुणीतरी मुख्य आहे.

रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे कोर्लई हे कॅथलिक वस्तीचे गाव आहे; पोर्तुगीज काळापासूनची त्यांची क्रिओल बोली अजून घरांत बोलली जाते. मिस्साच्या विधीत वाइन नैसर्गिक, द्राक्षाचीच आणि न बिघडलेली असावी लागते, आणि चषकात पाण्याचे थोडे थेंब घालावेच लागतात. तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या सायप्रियनने त्याचा अर्थ सांगितला: वाइन म्हणजे ख्रिस्त, पाणी म्हणजे लोक, एकदा मिसळले की दोघांना वेगळे करता येत नाही. इथे मिश्रण चवीसाठी नाही. चव किंचित पातळ झाली तरी ते करायचे आहे.

चवीसाठी मिसळणेच चूक, असे म्हणणारा पक्षही याच भूमीतला आहे. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी झाला. गांधीजींच्या आश्रमाच्या अकरा व्रतांत अस्वाद हे एक व्रत होते आणि विनोबांनी ती व्रते आयुष्यभर पाळली. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजींनी या व्रताचा अर्थ उलगडला: अन्न औषधासारखे, शरीराला लागेल तेवढेच घ्यावे, चव वाढवण्यासाठी मीठ घालणे हाही व्रताचा भंग. या कसोटीवर बोर्दोची सगळी कला, तुरटाला मऊ करणे, पोकळी भरणे, सुगंध वाढवणे, व्रतभंगाचीच कला ठरते. आक्षेप गंभीर आहे. घटकांनी एकमेकांच्या उणिवा झाकल्या की पिणाऱ्याला थांबवणारे काही उरत नाही. कडक, एकसुरी पेयापेक्षा गोल, तोलाचे पेय अधिक ओढते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात याच प्रश्नाचे सूक्ष्म निदान आहे: उपवास करणाऱ्याचे विषय सुटतात, गोडी सुटत नाही, ती परतत्त्वाच्या दर्शनानेच सुटते. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. रोह्यात १९ ऑक्टोबर १९२० रोजी जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले यांनीही गीतेचाच आधार घेतला, पण भर वेगळ्या ठिकाणी दिला. प्रत्येकाच्या हृदयात ईश्वर वसतो ही जाणीव जागी झाली की माणूस आपणहून बदलतो, हे त्यांच्या स्वाध्याय कार्याचे सूत्र. किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांत या कार्याने व्यसने सुटली ती बंदीने नाही, या जाणिवेने. विनोबांचा मार्ग चवीपासून सुरू होतो, आठवल्यांचा चाखणाऱ्यापासून. एकतेची जाणीव चाखणाऱ्यात आहे हे मान्य केले, तर दुसरा मार्ग मुळाला अधिक जवळ जातो.

राज्याचा कायदा या चर्चेत पडत नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा वाइन आणि इतर मद्ये यांना एकाच छत्राखाली ठेवतो, तर राज्यघटनेचे ४७ वे कलम मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करायला राज्याला सांगते. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रियेला उत्तेजन देणारे धोरण आखले. त्यानंतर नाशिक परिसरात वाइनचा व्यवसाय वाढला, आणि सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजकडे सांजोव्हेसे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांचे मिश्रणही बाटलीत भरले जाऊ लागले. २७ जानेवारी २०२२ रोजी मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा वाइन म्हणजे दारू नव्हे असा युक्तिवाद झाला, आणि त्याला तीव्र विरोधही झाला. वाइनच्या मेळातले सौंदर्य खरे आहे आणि ते कुणी नाकारू नये. पण त्या युक्तिवादाला ते आधार देऊ शकत नाही. शक्ती मिश्रणात नव्याने येते की घटकांत आधीच असते यावर चार्वाक आणि सांख्य भांडले. ती प्यायल्यावर चढते, याबद्दल दोघांत वाद नव्हता.